लॅपटॉप आणि डेस्कटॉपवरच्या फाइली एकसारख्या ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी डेस्कटॉप, बाहेर लॅपटॉप आणि काम मात्र एकच. अनुवादक, शिक्षक, डीटीपी करणारे, छोट्या ऑफिसात हिशेब ठेवणारे असे कितीतरी जण या जोडीवर काम करतात आणि साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज धरून लिहिली आहेत. लिनक्स किंवा मॅकवर काही वेगळं होत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सिंक (दोन्ही मशीनवरच्या फाइली सारख्या ठेवणं) जसं नवी फाइल पलीकडे पोचवतं, तसंच खोडणंही पोचवतं, तितक्याच तत्परतेने. त्यामुळे कोणतंही साधन लावण्याआधी ‘खोडलेलं परत कसं मिळेल’ याची सोय करा. खालची बरीच उत्तरं याच मुद्द्यावर येऊन थांबतात.

सिंक म्हणजे कॉपी करण्यापेक्षा वेगळं काय असतं?

कॉपी एकदा होते आणि संपते. बॅकअपमध्ये कालची, परवाची, महिन्यापूर्वीची स्थिती जपून ठेवलेली असते. सिंकचं काम एवढंच, की दोन्ही बाजू आत्ता सारख्या असाव्यात.

हे वाटतं तितकं सोपं नाही. समजा, ‘बिल.पीडीएफ’ लॅपटॉपवर आहे आणि डेस्कटॉपवर नाही. याचा अर्थ ती लॅपटॉपवर नव्याने आली, की डेस्कटॉपवरून खोडली गेली? नुसतं दोन्ही फोल्डरांकडे पाहून हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी मागच्या वेळी दोन्हीकडे काय होतं याची नोंद लागते. सिंकथिंग, युनिसन, फ्रीफाइलसिंक ही सिंकची साधनं आणि सगळ्या क्लाउड सेवा अशी नोंद ठेवतात. आरसिंक आणि विंडोजमधलं रोबोकॉपी ही कॉपी करणारी साधनं ती ठेवत नाहीत. त्यांना फक्त आत्ताचं दिसतं. म्हणून ही दोन्ही एका दिशेने न्यायला उत्तम आहेत, पण दोन्हीकडे काम होत असेल तर ती वापरू नका.

पेन ड्राइव्हने चाललंय की. मग हे सगळं कशाला?

एखाददुसरी फाइल असेल तर खुशाल चालवा. अडचण अशी, की पेन ड्राइव्हवर तिसरी प्रत तयार होते आणि तिन्हींतली ताजी कोणती हे लक्षात ठेवायचं काम तुमच्यावर येतं. मग ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन २’ अशी नावं सुरू होतात. शिवाय बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात. त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही आणि फाइल बदलल्याची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदवली जाते. वेळ पाहून तुलना करणारी साधनं यामुळे फसतात: फाइलला हातही लावलेला नसताना ती ‘बदललेली’ दिसते. फ्रीफाइलसिंक वगैरेंमध्ये २ सेकंदांचा फरक सोडून द्यायची सोय असते, ती याचसाठी.

ही गरज जुनीच आहे. विंडोज ९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ब्रीफकेस’ नावाचा फोल्डर दिला होता. तो फ्लॉपीवर न्यायचा, फाइली बदलायच्या, परत आणायचा आणि ‘अपडेट ऑल’ म्हणायचं. विंडोज १० येईपर्यंत तो गेला, कारण लोक तोवर क्लाउडकडे वळले होते.

कोणतं साधन घेऊ?

तीन घराणी आहेत.

पहिलं क्लाउडचं: गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स. फाइल आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून दुसऱ्या मशीनवर उतरते. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असण्याची गरज नाही, हा मोठा फायदा. मोफत जागा गूगलकडे १५ जीबी, वनड्राइव्हवर ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. गूगलच्या १५ जीबीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात हे विसरू नका. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्याला ३ उपकरणांचीच मर्यादा आहे. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि फोन जोडला की ती संपली.

दुसरं घराणं थेट मशीन ते मशीन. यात सिंकथिंग सर्वांत भरवशाचं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि मधे कुणाच्या सर्व्हरवर तुमच्या फाइली साठत नाहीत. जागेची मर्यादा म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कची मर्यादा.

तिसऱ्या घराण्यातली साधनं तुम्ही चालवाल तेव्हाच चालतात: फ्रीफाइलसिंक आणि युनिसन. काय कुठे जाणार, काय खोडलं जाणार याची यादी आधी दाखवतात आणि तुम्ही हो म्हटल्यावरच हात लावतात.

माझा सल्ला असा. कागदपत्रं मोजकी असतील आणि नेट नियमित असेल तर क्लाउड घ्या. फोटो, व्हिडिओ, छपाईच्या जड फाइली असतील, किंवा पक्षकारांची, रुग्णांची कागदपत्रं बाहेर ठेवणं मनाला पटत नसेल तर सिंकथिंग. स्वयंचलित गोष्टींची धास्ती वाटत असेल तर फ्रीफाइलसिंकने सुरुवात करा आणि रोज ती यादी वाचा. महिनाभर ती वाचलीत की आपल्या फाइली कुठे कशा फिरतात हे चांगलंच कळतं. एकाच फोल्डरावर दोन साधनं मात्र कधीही लावू नका. वनड्राइव्हच्या आतला फोल्डर सिंकथिंगला जोडला की दोघंही एकमेकांचे बदल ‘नवे’ समजून फिरवत बसतात.

सिंकथिंग कसं लावायचं?

दोन्ही मशीनवर ते टाका. त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. प्रत्येक मशीनला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, सात-सात अक्षरांचे आठ गट. लॅपटॉपचा क्रमांक डेस्कटॉपवर टाकायचा आणि लॅपटॉपवर येणारी विनंती मान्य करायची. दोन्हीकडून होकार आल्याशिवाय जोडणी होत नाही. मग फोल्डर निवडायचा आणि तो समोरच्या मशीनबरोबर शेअर करायचा. फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर ठेवायचा हे प्रत्येक मशीनवर वेगळं असू शकतं. डेस्कटॉपवर डी ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर सी ड्राइव्हवर असला तरी बिघडत नाही.

फोल्डरचा प्रकार सुरुवातीला ‘सेंड अँड रिसीव्ह’ असतो, तोच राहू द्या. आणि त्याच खिडकीत ‘फाइल व्हर्जनिंग’ (जुन्या प्रती जपणं) नावाची जी टॅब असते ती उघडून काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती मुळात बंद असते. का, ते खाली सांगितलं आहे.

माझ्याकडे २०० जीबी आहे. पहिल्यांदा किती वेळ लागेल?

नेटवरून पाठवायला गेलात तर फार. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर सेकंदाला साधारण अडीच एमबी जातात, म्हणजे २०० जीबीला २२ तासांच्या वर. दोन्ही मशीन घरातल्याच राउटरला केबलने जोडली आणि राउटर व केबल गिगाबिटची असेल तर तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. राउटर १०० एमबीपीएसवाला असेल तर पाचेक तास धरा. राउटरच्या डब्यावर एकदा बघून घ्या. स्वस्तातले बरेच राउटर अजूनही १०० चेच असतात.

सगळ्यांत सोपा मार्ग: बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोल्डर घ्या, दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि मग सिंक जोडा. सिंकथिंग दोन्हीकडच्या फाइलींचा मजकूर तपासतं. तो सारखा असेल तर पुन्हा काही पाठवत नाही.

दोन्ही मशीन एकाच वेळी चालू नसतील तर?

सिंकथिंगची ही खरी मर्यादा आहे. डेस्कटॉप बंद करून तुम्ही लॅपटॉप घेऊन निघालात, तर बाहेर केलेलं काम घरी येईपर्यंत लॅपटॉपवरच राहतं. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांनी कायम चालू राहणारं तिसरं छोटं मशीन जोडावं: रास्पबेरी पाय (हातावर मावणारा संगणक), नॅस (नेटवर्कला जोडलेला फाइली ठेवायचा डबा) किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप. रास्पबेरी पायला जेमतेम काही वॅट वीज लागते आणि तो राउटरबरोबर इन्व्हर्टरवर टाकला की लाइट गेली तरी चालू राहतो.

एकच फाइल मी दोन्हीकडे बदलली. आता कोणती राहणार?

दोन्ही राहतात, पण एकीचं नाव बदलतं. सिंकथिंग एक प्रत मूळ नावाने ठेवतं आणि दुसरीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख, वेळ आणि मशीनची खूण घालतं. नाव बदलण्यासाठी निवडली जाते ती आधी बदललेली प्रत. ड्रॉपबॉक्स ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं लिहितं, वनड्राइव्ह फाइलच्या नावाच्या शेवटी संगणकाचं नाव जोडतं.

अशी फाइल दिसली की तिला कचरा समजून खोडू नका. त्यात तुमचा अर्धा दिवस असू शकतो. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ टॅबखाली ‘कंपेअर’ आहे; दोन्ही प्रती त्यात घातल्या की फरक रंगवून दाखवले जातात. एक्सेलमध्ये हे काम बरंचसं डोळ्यांनीच करावं लागतं. आठवड्यातून एकदा पूर्ण फोल्डरात ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द इंग्रजीत (conflict), आणि वनड्राइव्ह असेल तर संगणकाचं नाव, शोधायची सवय लावून घ्या, कारण कोणतंही साधन याबद्दल ओरडून सांगत नाही.

हे होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे डेस्कटॉपवर वर्ड उघडंच ठेवून बाहेर पडणं. बाहेर लॅपटॉपवर फाइल बदलते, घरी आल्यावर उघड्या खिडकीतल्या जुन्या मजकुरावर सेव्ह दाबलं जातं. उठताना फाइल बंद केलीत तर यातले बहुतेक प्रसंग टळतात.

चुकून फोल्डर खोडला आणि तो दोन्हीकडून गेला. परत मिळेल का?

आधी हात थांबवा. लॅपटॉपवर खोडला असेल आणि डेस्कटॉप अजून बंद असेल, तर डेस्कटॉप सुरू करण्याआधी त्याचं नेट तोडा: केबल काढा किंवा राउटर बंद करा. तिथली प्रत अजून शाबूत असेल. ती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मगच नेट जोडा.

खोडणं पोचलं असेल तर पुढे काय मिळेल हे साधनावर ठरतं. ज्या मशीनवर तुम्ही स्वतः खोडलंत तिथला रिसायकल बिन प्रथम बघा. शिफ्ट दाबून खोडलं नसेल तर फाइली तिथेच असतील. गूगल ड्राइव्हच्या ‘ट्रॅश’मध्ये खोडलेलं ३० दिवस राहतं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही ३० दिवस, ऑफिसच्या किंवा शाळेच्या खात्यात सहसा ९३ दिवस. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात ३० दिवस.

सिंकथिंगमध्ये मात्र तुम्ही व्हर्जनिंग चालू केलं नसेल तर समोरच्या मशीनवरची प्रत रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होते. म्हणून ती टॅब. चार प्रकार दिसतात, त्यातले दोन कामाचे. ‘ट्रॅश कॅन’ म्हणजे बदललेल्या आणि खोडलेल्या फाइलची शेवटची प्रत बाजूला ठेवणं. ‘स्टॅगर्ड’ म्हणजे जुन्या प्रती वयाप्रमाणे विरळ करत ठेवणं: पहिल्या तासात दर ३० सेकंदांना एक, पहिल्या दिवसात दर तासाला एक, महिनाभर रोजची एक आणि त्यापुढे आठवड्याची एक. लिखाणाचं काम असेल तर ‘स्टॅगर्ड’ घ्या. जड फाइली असतील तर ‘ट्रॅश कॅन’, नाहीतर डिस्क भरून जाईल.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार जणांच्या नजरेतून सुटतो. व्हर्जनिंग फक्त समोरून आलेल्या बदलांना लागू होतं. डेस्कटॉपवर ते चालू असेल, तर लॅपटॉपवरून आलेल्या खोडण्याआधीची प्रत डेस्कटॉपवर जपली जाते. पण डेस्कटॉपवर तुम्ही स्वतःच्या हाताने खोडलंत, तर डेस्कटॉप काही जपत नाही. ते काम लॅपटॉपने करायचं असतं. म्हणून व्हर्जनिंग दोन्ही मशीनवर चालू करायलाच हवं. एकीकडे करून भागत नाही.

सिंकथिंग अचानक ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ म्हणतंय. हे काय?

प्रत्येक सिंक फोल्डरात ते एक लहानसा लपलेला फोल्डर ठेवतं, नावाची सुरुवात टिंबाने आणि पुढे ‘एसटीफोल्डर’ (.stfolder). तो दिसला नाही की सिंक थांबतं, आणि त्याने थांबावं हेच बरोबर आहे. समजा, तुमचा सिंक फोल्डर बाहेरच्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क जोडलेली नाही. ही खूण नसती तर सगळ्या फाइली खोडल्या गेल्या असं समजून त्याने समोरच्या मशीनवरचंही सगळं साफ केलं असतं.

डिस्क जागेवर असेल आणि तरी हा संदेश येत असेल, तर ‘पीसी क्लीनर’ छापाच्या एखाद्या प्रोग्रॅमने तो फोल्डर रिकामा समजून काढून टाकला असण्याची शक्यता जास्त. आधी फाइली जागेवर आहेत याची खात्री करा, मगच त्या नावाचा फोल्डर परत तयार करा.

सिंक आहे म्हटल्यावर बॅकअप वेगळा लागतो का?

लागतो. रॅन्समवेअरने (फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) लॅपटॉपवरच्या फाइली कुलूपबंद केल्या की सिंकच्या दृष्टीने तो साधा बदल असतो आणि तो डेस्कटॉपवर पोचतो. आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क अशा वेळी कामाची नाही.

‘वनड्राइव्ह भरलं आहे’ असा संदेश येतो. मी तर तिथे काहीच ठेवलं नाही.

नवा लॅपटॉप सुरू करताना विंडोज डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवतं आणि त्याला ‘बॅकअप’ म्हणतं. घाईत ‘नेक्स्ट’ दाबत गेलात तर ते चालू झालेलं असतं आणि ५ जीबी भरायला लग्नाचे फोटो पुरतात. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज बॅकअप’ उघडून ते बंद करता येतं. बंद केल्यावर डेस्कटॉप मोकळा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथून त्या जुन्या जागी हलवा. जागा करण्यासाठी त्या वेबसाइटवर जाऊन खोडू मात्र नका, मशीनवरूनही जातील.

लॅपटॉपवर फाइल दिसते, पण गाडीत उघडली तर उघडत नाही.

ती मुळात उतरलेलीच नसते. जागा वाचावी म्हणून वनड्राइव्ह नुसतं नाव दाखवतं आणि फाइल उघडताना खाली उतरवतं. शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल मशीनवर नाही. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट लागला, रेंज गेली, की काम थांबलं. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. भरीव हिरवी खूण आली की तो मशीनवर पक्का. गूगल ड्राइव्हमध्ये हेच काम ‘स्ट्रीम’ऐवजी ‘मिरर’ निवडल्याने होतं.

टॅलीचा डेटा, आउटलुकचा मेल, लाइटरूमचा कॅटलॉग सिंक करू का?

चालू स्थितीत नको. हे सगळे डेटाबेस आहेत. प्रोग्रॅम चालू असताना त्यांचे वेगवेगळे भाग सतत लिहिले जातात आणि सिंकने नेमकी अर्धवट लिहिलेली अवस्था उचलली तर पलीकडे मोडकी प्रत पोचते. टॅलीत स्वतःची बॅकअपची सोय आहे. त्यातून प्रत काढा, ती प्रत सिंक फोल्डरात ठेवा आणि दुसरीकडे रिस्टोअर करा. आउटलुकसाठी मेल सर्व्हरवरच राहील अशी आयमॅपची जोडणी घ्या. प्रोग्रॅमरांनी गिटचा फोल्डर सिंकमध्ये न टाकता पुश आणि पुल करावं.

मराठी नावांच्या फाइलींना अडचण येते का?

बहुतेक वेळा येत नाही. जिथे येते तिथे कारण चटकन सापडत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

पहिली अडचण लांबीची. विंडोजवर एका नावात २५५ चिन्हं चालतात. डिस्कवर फाइली ठेवायच्या लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द लिहायला ११ चिन्हं लागतात, म्हणजे ३३ बाइट गेले. एका नावात जेमतेम ८५ चिन्हं बसतात. ‘ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त व ठरावांच्या प्रमाणित प्रती…’ अशी ऐसपैस नावं विंडोजवर सुखाने नांदतात आणि रास्पबेरी पायवर पोचताना अडकतात. फाइलचं नाव छोटं ठेवा, तपशील फोल्डरच्या नावात जाऊ द्या. त्यातही विंडोजवर बऱ्याच प्रोग्रॅमना पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या आत लागतो, तेव्हा फोल्डरात फोल्डर किती खोल न्यायचे यालाही सीमा आहे.

दुसरी अडचण दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त. साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. कोणता प्रकार उमटेल हे कळफलकावर ठरतं. डेस्कटॉपवर इन्स्क्रिप्ट आणि लॅपटॉपवर फोनेटिक असेल, तर डोळ्यांना एकच दिसणारी नावं संगणकासाठी वेगळी असू शकतात. मग एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ दोनदा दिसते, एकीत जुनी नावं आणि दुसरीत नवी, आणि साधनाने प्रत काढली असं वाटत राहतं. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर तर ऱसारखी एकसंध चिन्हं आपोआप सुटी केली जात. पहिल्या दोन प्रकारांमधला फरक युनिकोडच्या (प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) नियमांप्रमाणे सांधता येतो आणि सिंकथिंग तो मुळातच सांधतं. तिसरा प्रकार मात्र खरोखरच वेगळं नाव ठरतो. अशी जोडी आढळली की दोन्ही उघडून पाहा, मजकूर एकत्र करा आणि एकच ठेवा. दोन्ही मशीनवर एकच कळफलक लावणं हा कायमचा उपाय.

तिसरी गोष्ट किरकोळ: लिनक्सवर ‘सभा १०:३०’ असं नाव देता येतं, विंडोजला नावातला अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही. अशी फाइल सिंक होणार नाही.

फाइल आली, पण आत मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात.

फाइल ठीक आहे. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली आहे आणि लॅपटॉपवर तो फाँट नाही. फाँट दोन्हीकडे टाका, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. गोंधळलेली फाइल तशीच सेव्ह मात्र करू नका.

फाइली उलट्या दिशेने ओव्हरराइट होतात. नवी जाऊन जुनी येते.

दोन्ही मशीनचं घड्याळ बघा. जुन्या असेंबल केलेल्या पीसीमध्ये मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. रात्री स्विचबोर्डवरून वीज बंद केली की सकाळी तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली असते आणि त्या वेळात सेव्ह केलेली फाइल ‘जुनी’ ठरते. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो आणि महाग नसतो.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक कारण असतं. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्समधून परत विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, नेट जोडून ते दुरुस्त होईपर्यंत. लिनक्सला भारतीय वेळ धरायला सांगा किंवा विंडोजला जागतिक. दोघांचं एकमत असलं की झालं.

सिंकथिंग बदल ओळखताना घड्याळावर विसंबत नाही, प्रत्येक मशीनवरच्या बदलांची वेगळी मोजणी ठेवतं. पण दोन्हीकडे बदल झालेले असतील तर मूळ नाव कुणाला द्यायचं हे ठरवताना तेही वेळ बघतं.

एकाच वायफायवर आहोत, तरी मशीन एकमेकांना दिसत नाहीत.

एखादं मशीन राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर तर नाही ना, ते बघा. तिथे उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात. नंतर विंडोज फायरवॉल: नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा.

बाहेरून घरच्या मशीनशी जोडताना वेग फारच कमी वाटला तर ते साहजिक आहे. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी घरांना वाटून देतात, त्यामुळे थेट जोडणी जमेलच असं नाही. मग सिंकथिंग मधल्या रिले सर्व्हरमार्फत डेटा नेतं. तो कूटबद्ध असतो, रिलेवाल्याला वाचता येत नाही, पण वेग कमी मिळतो.

आरसिंक किंवा रोबोकॉपीचा ‘मिरर’ वापरला तर?

एका दिशेच्या बॅकअपसाठी जरूर वापरा. आरसिंक १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलं आणि फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायची त्याची युक्ती आजही तोडीस तोड आहे. पण मिरर म्हणजे मुक्कामी जे जास्तीचं आहे ते खोडणं. स्रोत आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर आजचं काम कालच्या प्रतीने पुसलं जातं. आरसिंकमध्ये स्रोताच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतल्या फाइली जातात, न दिल्यास तो फोल्डरच मुक्कामाच्या आत जाऊन बसतो. खोडण्याचा पर्याय जोडलेला असताना हा फरक महागात पडतो. आधी ‘ड्राय रन’ (काही न बदलता नुसती यादी दाखवणं) करा, यादी वाचा, मग खरी आज्ञा द्या.

लॅपटॉप चोरीला गेला तर?

डेस्कटॉपवरच्या सिंकथिंगमधून त्या मशीनचं नाव लगेच काढा. क्लाउड असेल तर पासवर्ड बदला आणि खात्याच्या सुरक्षा पानावरून त्या लॅपटॉपचं लॉगिन तोडा. जे आधीच उतरलं आहे ते मात्र डिस्कवर आहे आणि विंडोजचा पासवर्ड त्याचं रक्षण करत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं. त्यावर उपाय आधीच करायचा: विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, होममध्ये मशीनला चालत असेल तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा, त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही.

निघण्याआधी सगळं पोचलं की नाही, कसं ओळखायचं?

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो आणि चालू असलेलं सिंक तिथेच अडकतं. त्यामुळे झाकण लावण्याआधी अर्धा मिनिट द्या. फाइल सेव्ह करून बंद करा. सिंकथिंगच्या पानावर डावीकडे फोल्डरपुढे ‘अप टू डेट’ आणि उजवीकडे समोरच्या मशीनपुढेही तेच दिसायला हवं. एकट्या डावीकडचं पाहून उठू नका. त्याचा अर्थ एवढाच, की या मशीनला घेण्यासारखं काही उरलेलं नाही. देणं बाकी आहे की नाही ते उजवीकडे कळतं. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हचं चिन्ह घड्याळाशेजारी असतं. गोल फिरणारे बाण थांबले की निघा. मोठी फाइल असेल आणि तेवढा वेळ नसेल, तर पॉवर सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर ‘डू नथिंग’ निवडा, चार्जर लावा आणि लॅपटॉप बॅगेत न भरता टेबलावरच राहू द्या. बंद बॅगेत चालू लॅपटॉप तापतो.